गावातल्या सैनिकांची स्मृतिशिळा: नावं, दगड आणि १९ डिसेंबरचा कार्यक्रम यांबद्दल माहिती हवी

सत्तरीवाट:

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या पंचायतीने गावातल्या सैनिकांची स्मृतिशिळा उभी करायची ठरवली आहे. ठराव झाला आहे. जागा प्राथमिक शाळेच्या आवारातली, पंचायतीच्याच मालकीची. अनावरण १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी व्हावं असं सगळ्यांचं म्हणणं. चतुर्थी आटोपली की काम धरायचं आहे.

कोरायची नावं चार. एक १९७१ च्या युद्धातले, एक श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले, एक काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना गेलेले. चौथे सैन्यातच होते, पण ड्युटीवर असताना गाडीच्या अपघातात वारले. त्यांचं नाव घ्यावं की नाही यावर गावात दोन मतं आहेत. मुक्तिलढ्यात प्राण दिलेले गावचे एक सत्याग्रहीही आहेत. शिवाय निवृत्त होऊन गावात राहणारे माजी सैनिक बरेच आहेत, त्यांचीही नावं त्याच शिळेवर घालावीत असा एक आग्रह आहे.

विचारायचं ते असं: नावं कुठून पडताळावीत आणि कोणत्या क्रमाने लिहावीत? आमच्या पावसात टिकेल असा दगड आणि कोरीवकाम कोणतं? आणि अनावरण, ध्वजारोहण, मानवंदना यांचा क्रम कसा ठेवावा? शिळा साधारण चार फूट उंच, अडीच फूट रुंद धरली आहे.


रेकॉर्ड_रूम:

दगडाचं इथे जाणकार सांगतीलच. तुम्ही आधी नावं पक्की करा. पुष्पचक्र वाहताना काही चुकलं तर पुढल्या वर्षी सुधारता येतं. दगडात चुकलेलं नाव मात्र घरच्यांना जन्मभर बघावं लागतं.

ऐकीव माहितीवर किंवा वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणावर विसंबू नका. घरी कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) असेल, युनिटकडून आलेली तार किंवा पत्र असेल, पदकं असतील. पीपीओवर सैनिकी क्रमांक, हुद्दा आणि रेकॉर्ड ऑफिस दिलेलं असतं. बऱ्याच पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते भिंगातून वाचा. मग सैनिकी क्रमांक घालून रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला आणि वायुसेनेचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. पत्र पंचायतीच्या लेटरहेडवर लिहा, ठरावाची प्रत आणि घरच्यांचं संमतिपत्र जोडा, आणि एक प्रत पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. उत्तराला महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून चतुर्थीची वाट न बघता हे पत्र आजच टाका.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथल्या त्यागचक्राच्या ग्रॅनाइट पाट्यांवरची नावं संकेतस्थळावर शोधता येतात, तुमच्या पहिल्या तिघांची तिथे बघा. पण ती यादी इंग्रजीत आहे. तिच्यावरून देवनागरी लिहायला गेलात तर गावकरचा गांवकर आणि परबचा पराब होईल. देवनागरी नाव शाळेच्या दाखल्यावरून घ्या आणि घरच्यांकडून सही करून घ्या. सत्याग्रहींच्या बाबतीत आणखी जपून, कारण पोर्तुगीज काळच्या नोंदींत आडनावं पार बदललेली असतात: कामतचं कामोतिम, शेणैचं सिनाय. घरात आज जे आडनाव चालतं तेच लिहा.

हुद्द्यांत गोव्यात हमखास होणारा घोटाळा म्हणजे 'नाईक'. हा हुद्दाही आहे आणि आडनावही. हुद्दा नाईक आणि आडनावही नाईक असेल तर कारागीर एक शब्द चुकून दोनदा आला समजून खोडतो. लान्स नाईकमधला 'लान्स'ही असाच गळतो. सरसकट 'जवान' लिहू नका. मराठा पलटणीत शिपाई, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रणगाडा दलात सवार, ईएमईमध्ये (दुरुस्ती-देखभालीचं दल) क्राफ्ट्समन. ज्या माणसाने जो हुद्दा कमावला, तोच त्याच्या नावापुढे यायला हवा. राष्ट्रीय रायफल्समधल्या सैनिकाची मूळ रेजिमेंट वेगळी असते, दोन्ही लिहा, उदाहरणार्थ 'मराठा लाइट इन्फंट्री, ४१ राष्ट्रीय रायफल्स'.

मोहिमेच्या नावाबरोबर वर्ष हवंच. ऑपरेशन विजय हे १९६१ च्या गोवा मोहिमेचंही नाव आणि १९९९ च्या कारगिलचंही. वर्ष नसेल तर गोव्यात वाचणारा माणूस कारगिलच्या सैनिकाला मुक्तिसंग्रामात घालेल. श्रीलंकेसाठी 'ऑपरेशन पवन' आणि त्यापुढे मृत्यूची तारीख. जखमी झाल्याचा दिवस आणि इस्पितळात प्राण गेल्याचा दिवस वेगळे असतील तर रेकॉर्डमधली मृत्यूची तारीख धरा.

क्रम मृत्यूच्या तारखेने लावा, हुद्द्याने नको. युद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं जाहीर तत्त्व आहे की मृतांत हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. गावच्या शिळेलाही ते शोभतं आणि वादही उरत नाही.

अपघातात गेलेल्यांबद्दल: सैन्य स्वतः बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत गेलेले) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणाने गेलेले) असा फरक करतं आणि त्यावर घरच्यांना मिळणारे लाभ ठरतात. शिळेचं काम लाभ ठरवण्याचं नाही. मथळा 'सैन्यसेवेत प्राण वेचलेल्या गावच्या सुपुत्रांच्या स्मृतीस' असा ठेवलात तर चौघेही सन्मानाने बसतात. नावाखालच्या ओळीत खरं तेच लिहा: 'सेवेत असताना अपघाती मृत्यू', ठिकाण, तारीख. त्यांना 'युद्धात धारातीर्थी' लिहू नका आणि वगळूही नका.

सत्याग्रही सैनिक नव्हते, पण गावच्या स्मृतीतून त्यांना बाजूला ठेवणं बरोबर नाही. त्याच चौथऱ्यावर वेगळी छोटी पाटी करा, मथळा 'गोवा मुक्तिसंग्राम'. हयात माजी सैनिकांची नावं मात्र शिळेवर घालू नका. गेलेल्यांच्या रांगेत जिवंत माणसाचं नाव आपल्याकडे कोणाच्या घरात चालत नाही. आणि ती यादी दरवर्षी वाढणार. त्यांचा सन्मानफलक शाळेच्या किंवा पंचायतीच्या सभागृहात लावा, नावांच्या पट्ट्या सरकवून बसवता येतील असा.


चिरेदगड:

दगडाचं सांगतो. चौथरा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा), नावांची शिळा काळ्या ग्रॅनाइटची. चिऱ्यावर नावं कोरू नका. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, दोन पावसाळ्यांत अक्षरांच्या कडा झडतात आणि खाचांत काळं शेवाळ बसतं. संगमरवर उघड्यावर पिवळा आणि खरखरीत होतो.

ग्रॅनाइट १८ मिमीचा सगळीकडे मिळतो, पण उभ्या शिळेला ३० मिमी घ्या. चार बाय अडीच फूट, ३० मिमी म्हणजे वजन साधारण ७५ किलो. असली शिळा नुसत्या सिमेंटवर चिकटवली की दोन-तीन वर्षांत मागे पोकळ होते, बोटाने ठोकल्यावर 'टकटक' आवाज येतो, आणि एक दिवस ती खाली येते. मागून आरपार न जाणारी चार भोकं पाडून १० मिमी जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पिना इपॉक्सीने बसवा. पिना ३१६ ग्रेडच्याच घ्या, आपल्या खाऱ्या दमट हवेत ३०४ ला ठिपके पडतात. साध्या लोखंडी पिना तर अजिबात नकोत. त्या गंजल्या की फुगतात आणि दगड कोपऱ्यातून तडकतो.

शिळेची खालची कड जमिनीपासून किमान दोन फूट वर ठेवा. आपल्याकडे पावसाचे थेंब लाल माती दीड-दोन फुटांपर्यंत उडवतात आणि खालच्या ओळी तांबूस होतात. चौथऱ्याभोवती दोन फूट रुंद खडीचा पट्टा घातला तर हे आणखी कमी होतं. माथ्याला मागच्या बाजूला हलका उतार द्या. चौथऱ्याच्या पायात ओल वर चढू नये म्हणून डीपीसीचा थर घाला. चिऱ्यांवर कडक सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. दरजा भरून चिरा उघडाच ठेवलेला बरा. जागा आंब्या-फणसाच्या सावलीत निवडू नका, तिथे शेवाळ हटत नाही. माडाखाली तर नकोच.

कोरीवकाम सँडब्लास्टने, म्हणजे दाबाने वाळू मारून करा, खोली २ ते ३ मिमी. लेझरने काळ्या ग्रॅनाइटवर सुबक दिसतं, पण ते फक्त वरच्या थरात असतं, उघड्यावर फिकं होत जातं. अक्षरांत रंग भरायलाच हवा. रंग नसलेली अक्षरं कोरडी असताना करडी दिसतात आणि दगड भिजला की दिसेनाशी होतात, म्हणजे आपल्याकडे चार महिने नावं वाचताच येणार नाहीत. पांढरा किंवा हस्तिदंती इनॅमल घ्या. सोनेरी रंगातली पितळेची भुकटी दमट हवेत काळवंडते. दोन-तीन वर्षांनी रंग पुन्हा भरावा लागेल, त्याची तरतूद आताच ठरावात घालून ठेवा.

मापं: ७५० मिमी रुंदीत दोन्हीकडे ७५ मिमी समास सोडा, ६०० मिमी उरतात. नावाची ओळ २५ मिमी उंचीच्या अक्षरांत केली तर एका ओळीत साधारण तीस अक्षरं बसतात. खालची माहिती १६ मिमीत. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दुप्पट धरा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फॉन्ट जाड आणि एकसारख्या रेघेचा निवडा. सँडब्लास्टच्या रबरी स्टेन्सिलमधून बारीक रेघा आणि बेटं सुटून जातात: 'व'-'ब'च्या पोटातला तुकडा, रकाराची तिरपी रेघ, अनुस्वाराचं टिंब. आडनावावरचा अनुस्वार गेला की नाव बदललं.

आणि मजकूर पाठवताना तो युनिकोडमध्ये टाइप करून तसाच देऊ नका. बहुतेक कोरणारे कोरलड्रॉमध्ये जुने फॉन्ट वापरतात. तिथे युनिकोड मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, 'शक्ती'चं भलतंच काहीतरी होतं. तुमच्याकडून अक्षरं कर्व्हजमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत) बदललेली पीडीएफ द्या. ते शक्य नसेल तर त्यांनी केलेली प्रत कागदावर मूळ मापात छापून मागा.


तिठ्यावर:

एक सुचवतो. शाळेच्या आत कोण बघणार? गावच्या तिठ्यावर रस्त्याकडेला उभारा, येता-जाता सगळ्यांचे हात जोडले जातील. आणि नावांऐवजी पितळी पाटी, वर चौघांचे फोटो कोरलेले, भारदस्त दिसेल.


चिरेदगड:

भावना पोचली, पण तिन्ही गोष्टींत अडचण आहे. सार्वजनिक रस्ता, पदपथ किंवा रस्त्याकडेच्या जागेवर पुतळा किंवा बांधकाम करायला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. रस्ता रुंद करताना सगळ्यांत आधी हलवली जाते तीही अशीच शिळा. शाळेच्या आवारात मुलं रोज ती नावं वाचतील, याहून चांगली जागा कुठली? पितळ हिरवं पडतं, दर महिन्याला घासावं लागतं, आणि चोरीला जातं. फोटोचं म्हणाल तर १९७१ च्या सैनिकाचा एखादा धूसर पासपोर्ट फोटो हाती असतो. तो मोठा केला की चेहरा ओळखू येत नाही आणि घरच्यांना वाईट वाटतं. फोटो सभागृहातल्या फलकात काचेआड लावा.

राजमुद्रेचे सिंहही शिळेवर कोरायचे नाहीत, त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. रेजिमेंटचं चिन्ह हवं असेल तर रेजिमेंटल सेंटरची लेखी परवानगी आधी घ्या.


मांडवीपार:

कार्यक्रमाबद्दल. १९ डिसेंबरला सरकारी ध्वजवंदन सगळीकडे असतं, मामलेदार, पोलीस, बँड सगळे तिकडे गुंतलेले. गावचा कार्यक्रम सकाळी लवकर संपवा किंवा सरकारी कार्यक्रम आटोपल्यावर ठेवा, आणि वेळ महिनाभर आधी कळवा. बिगुलवादक किंवा सैन्याचा प्रतिनिधी हवा असेल तर बांबोळीच्या २ सिग्नल ट्रेनिंग सेंटरला सहा आठवडे आधी लेखी विनंती करा. जवळच्या कॉलेजचं एनसीसी पथक मिळालं तरी उत्तम होतं. शाळेच्या लहान मुलांना सैनिकी वेष घालून उभं करू नका.

अनावरणाआधी शिळेवर तिरंगा पांघरायचा नाही. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. स्मारक किंवा पुतळा राष्ट्रध्वजाने झाकणं हा राष्ट्रीय मानचिन्ह अवमान प्रतिबंध कायद्यानुसार अवमान ठरतो. साधं पांढरं किंवा गडद तांबडं कापड घ्या आणि ध्वज वेगळ्या खांबावर, ठळक दिसेल असा. आकार ३:२ प्रमाणात, शाळेच्या खांबाला १३५० बाय ९०० मिमी पुरतो. खांबाच्या टोकाला हार, फुलं, झेंडूची माळ काही बांधायचं नाही, पण फडकवण्याआधी ध्वजात पाकळ्या ठेवायला हरकत नाही. श्रद्धांजली आहे म्हणून ध्वज अर्ध्यावर आणायचा नाही. ते फक्त सरकारने जाहीर केलेल्या दुखवट्यात.

क्रम असा ठेवा. आधी ध्वजारोहण आणि लगेच राष्ट्रगीत, साधारण ५२ सेकंद, सगळे ध्वजाकडे तोंड करून सावधान, गणवेषातले सलामीत. राष्ट्रगीत एकदाच, शेवटी परत नको. मग अनावरण. नंतर चारही नावं हुद्दा, युनिट, तारखेसह सावकाश मोठ्याने वाचायची, मग सत्याग्रहींचं नाव. वाचणाऱ्याने उच्चार आदल्या दिवशी घरच्यांकडून ऐकून घ्यावेत. त्यानंतर पुष्पचक्र: दोन कॅडेट ते घेऊन संथ पावलांनी येतात, मान्यवर हात लावून ते जागेवर ठेवतात, एक पाऊल मागे, नमस्कार किंवा सलाम. पहिलं पुष्पचक्र घरच्यांचं, पंचायतीचं आणि पाहुण्यांचं नंतर. मग लास्ट पोस्ट (मौनाआधीची बिगुलाची धून), दोन मिनिटं मौन, राउज (मौन संपल्याची धून). बिगुल नसेल तर ध्वनिमुद्रण चालेल, पण स्पीकर आदल्या संध्याकाळी तपासा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन मौनात रिंग वाजते. टाळ्या, फटाके, घोषणा पुष्पचक्रापासून राउजपर्यंत नकोत. त्यानंतर 'भारत माता की जय' खुशाल म्हणा.

भाषणं दोनच, पाच-पाच मिनिटांची. मुक्तिदिनाबद्दल बोलायचं तर नेमकं बोला. १८ डिसेंबर १९६१ ला सैन्य आत आलं, ५० पॅराशूट ब्रिगेडपैकी २ पॅरा (मराठा) फोंड्याच्या दिशेने आणि १ पॅरा (पंजाब) बाणस्तारीमार्गे पणजीकडे निघाली. अंजदीव बेट घेताना नौदलाचे सात खलाशी गेले, त्यांचं स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतकवर आहे. आग्वादच्या तुरुंगातल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथेच पडले. आपल्या घरापासून तासा-दोन तासांवरच्या या जागा आहेत, शाळेच्या मुलांना त्या सांगितल्याच पाहिजेत.

वीरपत्नी, वीरमाता आणि ज्येष्ठ माजी सैनिकांना घरून आणायला गाडी, मंडपाखाली पाठ असलेल्या खुर्च्या, पहिली रांग त्यांची. त्यांना मंचावर बोलावून आठवणी सांगायला लावू नका. स्वतःहून बोलायचं असेल तर आधी विचारून वेळ ठेवा. माजी सैनिक पदकं छातीच्या डाव्या बाजूला लावतात. गेलेल्या सैनिकाची पदकं त्याचे नातेवाईक स्मारकावरच्या कार्यक्रमात उजव्या बाजूला लावू शकतात. हे घरच्यांना आठवड्याआधी सांगा, बऱ्याच घरांत पदकं ट्रंकेत पडून असतात. पादत्राणं काढायची सक्ती नको, ऐंशी वर्षांच्या माणसाला बुटाच्या नाड्या उभ्याने सोडता-बांधता येत नाहीत.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. त्या दिवशी गोळा केलेला निधी सैनिक कल्याणासाठीच द्यायचा असतो, शिळेच्या वर्गणीचे पैसे त्यात मिसळू नका. पावती पुस्तकं वेगळी ठेवा.


सत्तरीवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्ड ऑफिसची पत्रं या आठवड्यातच टाकतो. अजून दोन शंका. लोक शिळेला हळद-कुंकू लावणार, दिवा लावणार, श्रीलंकेत गेलेल्यांचे घरचे ख्रिस्ती आहेत, ते मेणबत्त्या लावतील. हे थांबवायचं का? आणि कोरण्याआधी शेवटची तपासणी नेमकी कशी करावी?


चिरेदगड:

थांबवू नका, जागा करून द्या. शिळेपासून दोन फूट पुढे दीड फूट उंचीचा वेगळा चिरा ठेवा, त्यावर कडा असलेला वाळूचा स्टीलचा ट्रे. समई, पणती, मेणबत्ती, उदबत्ती सगळं तिथे. तेल आणि मेण ग्रॅनाइटमध्ये मुरलं की डाग सहज जात नाही, हळदीचा डागही चिऱ्यावरून लवकर निघत नाही. नारळही तिथेच वाढवा. पुष्पचक्राच्या मागे लोखंडी तारेचा सांगाडा असतो, ते त्याच संध्याकाळी उचला, रात्रीच्या दवात तार गंजून वर्तुळ उमटतं. ओल्या झेंडूचाही पिवळा डाग राहतो.

साफसफाई वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि मार्चमध्ये. साधं पाणी, सौम्य साबण, नायलॉनचा मऊ ब्रश. शेवाळ काढायला अ‍ॅसिड अजिबात नाही, दरजा खाल्ल्या जातात आणि अक्षरांतला रंग निघतो. प्रेशर वॉशरने चिऱ्याची वरची साल उडते. पहिल्या पावसात दरजांतून पांढरे क्षार बाहेर येतील, घाबरू नका, सुक्या ब्रशने झटका.


रेकॉर्ड_रूम:

तपासणीचं: कोरणाऱ्याकडून मूळ मापाची छापील प्रत घ्या आणि भिंतीला लावा. एकाने पीपीओ आणि रेकॉर्ड ऑफिसचं पत्र हातात धरून वाचायचं, दुसऱ्याने भिंतीवरचं अक्षर बोटाने दाखवत जायचं. मग नावं शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचा. सरळ वाचताना डोळा सवयीने चूक भरून काढतो, उलटं वाचताना गळलेला अनुस्वार किंवा ऱ्हस्व-दीर्घ लगेच दिसतो. तारखांचे आकडे वेगळे तपासा. देवनागरी १ आणि ९, ४ आणि ५ यांची अदलाबदल सगळ्यांत जास्त होते.

प्रत्येक घरातल्या दोन माणसांची सही त्या छापील प्रतीवर, तारखेसह. एक प्रत पंचायतीच्या फाइलला, एक कारागिराकडे. स्टेन्सिल दगडावर चिकटवल्यावर, वाळू मारण्याआधी, तुमच्यापैकी एकाने कारखान्यात जाऊन पुन्हा वाचायचं. एवढी पायरी गाळू नका, स्टेन्सिल लावताना टिंबं तेव्हाच सुटतात. कोरून यायला पंधरा दिवस, चौथरा बांधून किमान सात दिवस पाणी मारायचं, बसवायला दोन-तीन दिवस, असा हिशेब धरून सह्या झालेली प्रत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात पोचली पाहिजे. एखाद्या नावाचं रेकॉर्ड तोवर आलं नाही तर अंदाजाने कोरू नका. तेवढी जागा कोरी ठेवून १९ तारखेला ते नाव फक्त वाचा, आणि पत्र आलं की शिळा जागेवरच कोरून घ्या. सँडब्लास्टचं फिरतं यंत्र मिळतं, भाड्याचे पैसे वेगळे बाजूला ठेवा.